तुरीचा मर रोग, बारा नमुने आणि 'फुल रँक नाही' : डेटा वाचेल का?

दुधनाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मराठवाड्यातल्याच एका कॉलेजात पीएचडी चालू आहे. विषय तुरीचा मर. दोन वाण घेतले: मरीला दाद न देणारा बीएसएमआर-७३६ आणि हमखास बळी पडणारा आयसीपी २३७६. रोपं उपटून अर्ध्यांची मुळं मर आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीच्या द्रावणात बुडवली, अर्ध्यांची साध्या पाण्यात, आणि परत कुंड्यांत लावली. सातव्या दिवशी मुळं कापली. दोन वाण, दोन उपचार, प्रत्येकी तीन पुनरावृत्त्या, म्हणजे बारा नमुने. त्यांचं आरएनए-सेक, म्हणजे आरएनएचे तुकडे वाचून (सिक्वेन्सिंग) कोणतं जनुक किती चालू आहे याची मोजणी, करून घेतलं.

घोळ पुढं आहे. पैसे दोन हप्त्यांत आले. त्यामुळं पाण्यातले सहा नमुने जूनमध्ये सिक्वेन्सिंगला गेले आणि बुरशीतले सहा ऑगस्टमध्ये. तेव्हा काही वावगं वाटलं नाही. कंपनी तीच, मशीन तेच, किट तेच.

आर भाषेतल्या डीसेक-२ मध्ये (दोन गटांत कोणत्या जनुकांची मोजणी बदलली ते तपासणारं साधन) घातलं तर जवळपास अकरा हजार जनुकं 'लक्षणीय' आली. मी पेढे वाटायच्या बेतात होते. गाईड म्हणाले, एकदा बॅच, म्हणजे कोणता नमुना कोणत्या खेपेचा तेही, टाकून बघ. डिझाइनमध्ये 'बॅच + उपचार' लिहिलं आणि आरनं लाल अक्षरांत सुनावलं: मॉडेल मॅट्रिक्स फुल रँक नाही. दोन दिवस शोधतेय, सगळीकडं तेच ते इंग्रजी उत्तर. मी नेमकं काय बिघडवलंय ते कुणी साध्या भाषेत सांगेल का?

मोंढ्यातला_माणूस

ताई, मी एमएस्सी स्टॅट. नोकरी लागली नाही म्हणून लातूरला वडिलांच्या आडतीवर हिशेब बघतो. तर मोंढ्यातलंच उदाहरण देतो.

समजा आपल्याकडं दोन काटे आहेत. सगळं सोयाबीन पहिल्या काट्यावर मोजलं, सगळी तूर दुसऱ्यावर. तुरीची पोती दोन-दोन किलोनं कमी भरली. आता तूर कमी भरली होती का काटा मारलेला होता? कितीबी डोकं लावा, त्या वहीवरून कळणारच नाही. दोन्ही मालाची चार-चार पोती दोन्ही काट्यांवर चढवली असती तर लगेच कळलं असतं.

तुमचा बॅचचा रकाना लिहून काढा: सहा शून्य, मग सहा एक. उपचाराचा रकाना: सहा शून्य, मग सहा एक. दोन्ही तंतोतंत सारखे. आर म्हणायलंय की एका रकान्यातून मला दोन उत्तरं मागू नका. ती लाल अक्षरं म्हणजे बिघाड नाही, आर खरं बोलायलंय. खोटं बोललं ते बॅच न टाकलेलं पहिलं गणित. ते अकरा हजार बुरशीचे का ऑगस्टचे, कुणालाच ठाऊक नाही. पेढे थांबवा.

पुण्यातला_लातूरकर

एवढं घाबरायचं कारण नाही. कॉम्बॅट नावाचं साधन आहे, बॅच इफेक्ट काढून टाकतं. आमच्याकडं कॅन्सरच्या डेटावर रोज वापरतो. आधी कॉम्बॅट लाव, मग डीसेक.

आरबीडी_मास्तर

लातूरकर, तुमच्या कॅन्सरच्या डेटात प्रत्येक बॅचमध्ये थोडे रोगी आणि थोडे निरोगी असणार, म्हणून ते चालतं. इथं कॉम्बॅटला उपचार जपायला सांगितलं तर ते अडून बसेल, कारण उपचार आणि बॅच एकच आहेत. जपायला सांगितलं नाही तर बॅचबरोबर बुरशीचा परिणामही धुऊन नेईल. दोन्हीकडून हात रिकामेच. आणि असा घासून-पुसून काढलेला डेटा डीसेकला देतही नाहीत, त्याला मूळ मोजणी लागते.

पस्तीस वर्षं शेतकी विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवलं. संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर रुजू झाला आणि तिथल्या वावरातूनच पुनरावृत्ती, यादृच्छिकीकरण आणि स्थानिक नियंत्रण ही तिन्ही तत्त्वं उभी राहिली. आपली पोरं बीएस्सीला यादृच्छिक गट रचना पाठ करतात. एका बाजूला खडकाळ आणि दुसरीकडं काळी जमीन असेल तर प्रत्येक गटात सगळे वाण आले पाहिजेत, हे परीक्षेत बरोब्बर लिहितात. आणि नळी हातात आली की तेच विसरतात! सिक्वेन्सिंगची तारीख हीसुद्धा जमीनच आहे, पोरी. जून खडकाळ, ऑगस्ट काळी.

रागावलो नाही. तीन गोष्टी सांग, मग बोलू. एक, रोपं एकत्र वाढवली का वेगवेगळ्या वेळी? दोन, आरएनए कधी काढला? तीन, एक 'पुनरावृत्ती' म्हणजे तुझ्या लेखी काय?

दुधनाकाठची

सर, सगळ्या कुंड्या एकाच दिवशी, एकाच शेडनेटमध्ये. मुळंही मे महिन्यात एकाच सकाळी कापली, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवली. आरएनए मात्र पाठवायच्या आधी काढला, म्हणजे सहा जूनमध्ये आणि सहा ऑगस्टमध्ये. मधल्या काळात लाईट गेली आणि जनरेटर वेळेत चालू झाला नाही, असंही एकदा झालं. किती तास, ते कुणी नीट सांगत नाही.

एका कुंडीतली पाच रोपं एकत्र वाटून एक नमुना केला. अशा प्रत्येक प्रकारच्या तीन कुंड्या. एक सीनिअर म्हणाला की तीन पंचे पंधरा पुनरावृत्त्या लिही.

आरबीडी_मास्तर

सीनिअरला माझा नमस्कार सांग. पाचही रोपं एकाच खलबत्त्यात गेली की त्यांचा एकच आकडा येतो. पुनरावृत्ती म्हणजे कुंडी. तीनच. पाच रोपांचा फायदा इतकाच की एखाद्या किडक्या रोपानं आकडा फारसा हलत नाही.

रोपं एकत्र वाढली, हे फार बरं झालं. म्हणजे दोष फ्रीजर, आरएनए आणि लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी आरएनएपासून केलेली तयारी) यांच्यापुरताच आहे, वावरातला नाही. पण उपचाराचा थेट परिणाम या बारांतून काढू नकोस.

मांजरा_तीर

मास्तरांशी सहमत, पण एक राहिलं. ताई, तुझ्या दोन्ही बॅचमध्ये *दोन्ही वाण* आहेत. सगळं बुडालेलं नाही.

एकच जनुक घे. आकडे लॉग-२ मधले, म्हणजे १ ने वाढ म्हणजे दुप्पट. पाण्यात: आयसीपी ६, बीएसएमआर ७. बुरशीत: आयसीपी ८, बीएसएमआर ११. वरवर पाहता आयसीपीत २ ची वाढ, बीएसएमआरमध्ये ४ ची. आता समज, ऑगस्टच्या बॅचनं या जनुकाचे सगळेच आकडे दीडनं फुगवलेत. मग खरी वाढ अर्धा आणि अडीच. बॅचनं किती फुगवलं ते आपल्याला कळणार नाही, म्हणून २ खरं का अर्धा, सांगता येत नाही. पण दोन वाढींमधला फरक बघ. ४ वजा २ म्हणजे २. अडीच वजा अर्धा, तरी २! बॅच दोन्हीकडून सारखीच वजा झाली.

याला इंटरॅक्शन म्हणतात. डिझाइन 'वाण + उपचार + वाण:उपचार' असं लिही आणि फक्त शेवटच्या पदाचा निकाल वाच. मधल्या 'उपचार' पदात बुरशी आणि ऑगस्ट दोघं मिसळून बसलेत, त्याच्याकडं ढुंकूनही बघू नकोस. मला विचारशील तर तुझा खरा प्रश्न हाच होता. बुरशी लागल्यावर तुरीत काय काय बदलतं, ही यादी लांबलचक आणि बरीचशी निरुपयोगी. प्रतिकारक वाण *वेगळं* काय करतो, हे कामाचं.

दोन अटी. बॅचचा परिणाम दोन्ही वाणांवर सारखा झाला, असं आपण धरून चाललोय. फ्रीजर बंद पडला तेव्हा एकाच वाणाच्या नळ्या दाराजवळ असतील तर हे गृहीतक लंगडं होतं. दुसरं, इथं दोन नाही तर चार सरासऱ्यांची वजाबाकी आहे, म्हणून साध्या तुलनेपेक्षा व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांची अनिश्चितता, दुप्पट. तीन कुंड्यांवर फार थोडी जनुकं हाती लागतील. यीस्टवर अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस पुनरावृत्त्या करून २०१६ मध्ये एक अभ्यास झाला होता. त्यात तीनच पुनरावृत्त्या घेतल्यावर बहुतेक साधनांना खऱ्या यादीतली २० ते ४० टक्केच जनुकं सापडली. त्यांचा सल्ला किमान सहा घ्या असा होता. आपल्याकडं सहा म्हटलं की गाईड पाणी मागतो.

दुधनाकाठची

ताई, हे वाचून रात्री झोप लागली. एक कबुली राहिलीय. कंपनीनं एक्सेल पाठवलं त्यात एफपीकेएम होते, म्हणजे नमुन्याच्या एकूण मोजणीनं आणि जनुकाच्या लांबीनं भागलेले आकडे. डीसेक म्हणालं पूर्णांक द्या, म्हणून मी राऊंड करून घातले…

मोंढ्यातला_माणूस

अरारारा.

ताई, डीसेकला कच्ची मोजणी लागती, म्हणजे एका जनुकावर आरएनएचे किती तुकडे येऊन बसले तो आकडा. ते स्वतः आपल्या पद्धतीनं नमुने एका पातळीवर आणतं. का, ते बघा. चार जनुकं, दोन नमुने. पहिल्यात १००, २००, ५०, १०. दुसऱ्यात २००, ४००, १००, २०००. पहिली तीन जनुकं सरळ दुप्पट झालीत, कारण दुसऱ्या नमुन्याचं सिक्वेन्सिंगच दुप्पट झालंय. चौथं मात्र खरंच उसळलंय. आता एकूण बेरजेनं भागा: ३६० आणि २७००. पहिलं जनुक २७.८ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर! हललंच नव्हतं, तरी कागदावर पावपट झालं. मोंढ्यात सोयाबीनची आवक फुगली की एकूण आवकेत तुरीचा टक्का घसरतो, तूर तेवढीच आलेली असती, तसं हे.

डीसेक बेरीज धरतच नाही. प्रत्येक जनुकाचं गुणोत्तर काढतं: २, २, २, २००. त्याचा मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधला आकडा, घेतं: २. चौथ्याची उसळी मध्यकाला हलवू शकत नाही. (नेमकं गणित भूमितीय मध्यावर चालतं, पण गाभा हाच.) तुमच्या बुरशी लागलेल्या मुळांत तर बुरशीचे स्वतःचे तुकडेबी येणार, त्यामुळं हे फार महत्त्वाचं.

दुसरं कारण, मोजणीच्या आकड्यातच त्याचा भरवसा लपलेला असतो. नुसती मोजणीची अनिश्चितता असती तर पॉयसन नावाचं वितरण पुरलं असतं: सरासरी १००, व्हेरिअन्सबी १००, प्रमाण विचलन १०. पण एका कुंडीसारखी दुसरी नसती. म्हणून निगेटिव्ह बायनॉमियल वितरण, त्यात व्हेरिअन्समध्ये सरासरीचा वर्ग गुणिले एक आकडा वाढतो. तो आकडा ०.१ धरला तर व्हेरिअन्स ११००, प्रमाण विचलन ३३. कुठं १० अन् कुठं ३३! तीन कुंड्यांवर हा आकडा प्रत्येक जनुकासाठी वेगळा नीट काढता येत नाही, म्हणून डीसेक सगळ्या जनुकांचा कल बघून त्याला सावरून घेतं. एफपीकेएम राऊंड केला की ही सगळी माहिती मेली. कंपनीकडून फास्टक्यू, म्हणजे सिक्वेन्सिंगच्या मूळ कच्च्या, फायली मागा, त्या तुमच्या हक्काच्या आहेत.

कोरडवाहू

हे सगळं भारी आहे, पण आमच्या वावरात मर लागलीय त्याचं काय? अकरा हजार जनुकं घेऊन करायचं काय?

आरबीडी_मास्तर

रास्त प्रश्न. यंदासाठी जनुकांचा काडीचा उपयोग नाही. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, मर लागलेल्या तुकड्यात पुढची काही वर्षं तूर घेऊ नका, बुरशी जमिनीत टिकून राहते. ज्वारीचं आंतरपीक घेतल्यानं मर कमी होते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि वाण प्रतिकारक निवडा. बदनापूरच्या केंद्रानं बीएसएमआर मालिका दिली तेव्हा कुणी जीनोम वाचला नव्हता, मर लागलेल्या वावरात पेरून जे जगलं ते ठेवलं. ही पोरगी करतेय त्यातून पुढं रोपटं वीतभर असतानाच निवड करता आली, तर ती वर्षं वाचतील.

पुण्यातला_लातूरकर

कॉम्बॅटबद्दल माघार. एक विचारतो: पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली की झालं ना?

मांजरा_तीर

नाही दादा, इथंच अर्धे प्रबंध बुडतात. २०१२ मध्ये आशा वाणावरून तुरीचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात ४८,६८० जनुकांचा अंदाज होता. एकाही जनुकात काहीही फरक नसला आणि सगळी तपासली, तरी ५ टक्क्यांनी २,४३४ 'लक्षणीय' निघणार. नुसता योगायोग.

म्हणून बेंजामिनी आणि होखबर्ग यांची १९९५ ची पद्धत. पाच जनुकांवर हातानं करून बघ. पी चढत्या क्रमानं लाव: ०.००१, ०.०१२, ०.०३४, ०.०३८, ०.२. प्रत्येकाची मर्यादा म्हणजे क्रमांक भागिले पाच, गुणिले ०.०५: म्हणजे ०.०१, ०.०२, ०.०३, ०.०४, ०.०५. आता खालून वर ये. पाचवा नापास. चौथा ०.०३८, मर्यादा ०.०४, पास. तो पास झाला की वरचे सगळे पास, अगदी तिसराही, जो स्वतःच्या मर्यादेत बसत नाही! इथं वर्गात हमखास भांडण होतं. बॉनफेरोनीच्या जास्त कडक पद्धतीनं सरसकट ०.०१ लावलं असतं आणि पहिलाच वाचला असता. बेंजामिनी-होखबर्ग एवढंच म्हणतात की तुझ्या यादीत खोटी नावं सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास राहतील. कोणती, ते सांगत नाहीत.

आणि लक्षणीय जनुकं निवडून त्यांचाच हीटमॅप (आकड्यांऐवजी रंगांचा तक्ता) काढायचा आणि 'बघा, गट कसे स्वच्छ वेगळे झाले' म्हणायचं, हे बंद करा रे कुणीतरी. वेगळी दिसतात म्हणूनच निवडली होती ना ती?

दुधनाकाठची

फास्टक्यू आल्या, एकेक दोन-तीन जीबीच्या. माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. रात्री अलाइनमेंट, म्हणजे प्रत्येक तुकडा जीनोमवर कुठं बसतो ते शोधायचं काम, लावून झोपले, पहाटे लाईट गेली, बॅटरीही संपली, सगळं पहिल्यापासून. यावर काही उपाय?

पुण्यातला_लातूरकर

गॅलक्सीचा फुकट सर्व्हर वापर, काम तिकडं चालतं, तुझी लाईट गेली तरी फरक नाही. किंवा लॅपटॉपवरच सॅल्मन हे मोजणीचं साधन चालव, हलकं आहे. स्टार नावाच्या साधनाच्या वाटेला जाऊ नकोस, त्याला रॅम फार लागते. आणि मोजणीची फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नकोस. माणसाच्या जनुकांत मार्च-१, सेप्ट-२ अशी नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली.

दुधनाकाठची (तीन आठवड्यांनी)

मंडळी, कच्ची मोजणी घेऊन इंटरॅक्शन चालवलं. ५ टक्क्यांवर जनुकं आली फक्त दोन. रडकुंडीला आले होते. मग पीसीए काढला, म्हणजे सगळ्या जनुकांचा फरक दोन अक्षांवर आणून नमुने एका चित्रात मांडले. पहिल्या अक्षावर जून इकडं, ऑगस्ट तिकडं, ते अपेक्षितच. दुसऱ्या अक्षावर वाण वेगळे झाले, पण ऑगस्टमधला बीएसएमआरचा दुसरा नमुना आयसीपीच्या घोळक्यात बसलाय, आणि आयसीपीचा दुसरा बीएसएमआरमध्ये. नळ्या बदलल्या असतील का? बदलून पाहिलं तर एकदम ४१ जनुकं येतात. बदलू?

आरबीडी_मास्तर

थांब. जनुकं ४१ येतात म्हणून बदलायचं नाही. असं बदलत गेलं तर हवा तो निकाल काढता येतो. निकालाशी संबंध नसलेला पुरावा आण.

मांजरा_तीर

पुरावा तुझ्याच फायलींत आहे. दोन वाणांत डीएनएची अक्षरं जिथं वेगळी आहेत अशा जागा जूनच्या सहा नमुन्यांवरून काढ. मग ऑगस्टचे सहा त्या जागांवर ताडून बघ. जनुक कमी बोलतंय का जास्त, याच्याशी त्या अक्षराचा संबंध नाही.

दुधनाकाठची

केलं. जिथं पुरेसे तुकडे होते अशा शेकडो जागा निघाल्या. 'बीएसएमआर दुसरा' जवळजवळ प्रत्येक जागी आयसीपीची अक्षरं दाखवतोय, आणि उलटही तसंच. बाकीचे चार बरोबर. माझीच वही पाहिली तर त्या दिवशी दोन नळ्यांच्या झाकणांवरची शाई पुसली होती, आणि मी आठवणीवर नाव पुन्हा लिहिलं होतं.

आरबीडी_मास्तर

आता बदल. आणि प्रबंधात हे जसंच्या तसं लिही, शाईसकट.

दुधनाकाठची

हो सर. आणखी एक, काही जनुकांत पी-व्हॅल्यू आहे पण पुढच्या, बेंजामिनी-होखबर्गनं दुरुस्त केलेल्या रकान्यात 'एनए' (उत्तर नाही). आणि काहींत दोन्हीकडं एनए.

मोंढ्यातला_माणूस

फक्त दुरुस्त रकान्यात एनए म्हणजे मोजणी इतकी कमी की डीसेकनं ते जनुक तपासणीच्या यादीतूनच वगळलं. दोन्हीकडं एनए म्हणजे एखादा नमुना फारच फटकून वागतोय, किंवा सगळीकडं शून्यच आहे. त्या जागी शून्य किंवा एक भरू नका, तसंच ठेवा.

मांजरा_तीर

गोठवलेली मुळं काही उरलीत का? असतील तर दोन्ही उपचारांचे थोडे नमुने *एकाच दिवशी* नव्यानं काढून एकत्र पाठव. मग बॅचचा रकाना उपचारापासून सुटतो आणि थेट परिणामही निघतो.

आरबीडी_मास्तर

पण लक्षात ठेव, कुंड्या त्याच आहेत. पुनरावृत्ती तीनच राहते. हे फक्त दोन्ही काटे एकाच मापानं तपासणं झालं.

दुधनाकाठची

पाण्यातली चार आणि बुरशीतली चार उरली होती, दोन्ही वाणांची दोन-दोन. काल आठही एका बैठकीत काढली. आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा दहापैकी आकडा, म्हणजे आरआयएन, सातांचा ६.८ ते ७.९ आला. एकाचा ३.२. ती नळी दाराजवळच्या कप्प्यातली होती.

आरबीडी_मास्तर

३.२ वाली पाठवू नकोस. बाकीच्यांचा क्रम कसा ठरवलास? आधी पाणी, मग बुरशी, असा नाही ना?

दुधनाकाठची

नाही सर. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या पाच वर्षांच्या भाचीनं काढल्या. एक तिनं लपवून ठेवली होती, ती अर्ध्या तासानं तिच्या फ्रॉकच्या खिशात सापडली. सातवी नळी तीच.